हातपाय मोडल्यावर दुखणं कसं ओळखायचं, कसं कमी करायचं? (अनुभव हवेत)

अबोली_डिचोली | १९ ऑगस्ट, रात्री ८.१०

नमस्कार मंडळी. हाडांच्या वॉर्डात २२ वर्षं परिचारिका म्हणून काढली, आता निवृत्त आहे. तरीही हा धागा काढावा लागतोय, कारण गेल्या मंगळवारी माझ्याच घरात मी चुकले.

सासूबाई मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या. वय ७८. उजवा पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं. खुब्याचं हाड गेलं हे तिथंच कळलं. शेजारच्या पोरांनी उचलायला हात घातला तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. ड्युटीवरच्या मुलाने विचारलं, "आजी, दुखतंय?" आई म्हणाल्या, "नाही रे बाबा, बरं आहे." त्याने लिहिलं, दुखणं नाही. स्थिर पडलेल्या माणसाला विचारलं तर हेच उत्तर येणार. मग एक्स-रेसाठी पाय वळवला, तेव्हा त्यांनी माझा हात असा धरला की चार नखांच्या खुणा अजून मनगटावर आहेत. तीन तास एकही वेदनाशामक नाही. मी बाजूलाच उभी होते. वॉर्डात असते तर बोलले असते, पण तिथे मी सून होते आणि सगळे मोठे दीर पुढे होते. हे मला लागून राहिलंय.

पुढे मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" आईंना कळेना, दहा काय? मी म्हटलं, "आई, सोळा आण्यांपैकी किती आणे?" लगेच उत्तर आलं. "पडून राहिले तर चार आणे. पाय हलवला तर सोळाच्या सोळा." डॉक्टरांनी तेवढ्यावर जांघेजवळ नस बधिर करायचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने परत विचारलं, "तीन आणे." तेव्हा कुठे आम्हाला त्यांचं भिजलेलं लुगडं बदलता आलं. पडल्यापासून त्या ओल्याच लुगड्यात होत्या.

चवथ जवळ आली आहे. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांसाठी, लोक झाडांवर चढतील, अंगणं निसरडी आहेत, रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. तुमच्या घरी कुणाचं हाड मोडलं तेव्हा दुखण्याबद्दल कुणी विचारलं का, काय दिलं, काय चुकलं, ते लिहा.

भूलतज्ज्ञ_फोंडा | १९ ऑगस्ट, रात्री ८.४५

अबोलीताई, मनाला लावून घेऊ नका. आणे विचारलेत हे फार चांगलं केलंत. शून्य ते दहाची पट्टी सगळ्यांना जमत नाही. वयस्कर माणसांना 'थोडं, बरंच, खूप, सोसवत नाही' अशा शब्दांत विचारलेलं जास्त कळतं. आकडा कसाही घ्या, दोन वेळा घ्या, एकदा पडून असताना आणि एकदा हलताना. औषध हलतानाच्या आकड्यावर ठरवायचं.

आईंना दिलं त्याला फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणतात. जांघेच्या किंचित खाली, मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाखाली बधिर करणारं पातळ औषध साधारण ३० ते ४० मिलिलिटर सोडतो. २० ते ३० मिनिटांत मांडीकडच्या नसा शांत होतात. म्हातारं माणूस गुंगीत जात नाही, श्वास मंदावत नाही, आणि अफूवर्गातल्या औषधांची गरजही कमी पडते.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०११ मध्ये खुब्याच्या हाडासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातला वेदनेचा भाग मला फार आवडतो. रुग्ण आल्याबरोबर वेदना विचारा, पहिलं औषध दिल्यावर ३० मिनिटांच्या आत परत विचारा, मग वॉर्डात स्थिरावेपर्यंत दर तासाला. आपल्याकडे पहिलं विचारणं कधीकधी होतं. दुसरं राहून जातं. औषध दिलं म्हणजे दुखणं गेलं असं धरून सगळे पुढच्या खाटेकडे वळतात.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. पॅरासिटामॉल सगळ्यांत आधी, आणि ठरल्या वेळेला. धडधाकट प्रौढाला १ ग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत असेल तर मात्रा वजनावर ठरते, किलोमागे १५ मिलिग्रॅम. यकृताचा त्रास असेल, दारू जास्त असेल तर आणखी कमी. बाजारातल्या बऱ्याच जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे घरी नकळत दुप्पट जातं. पाकिटाच्या मागचं वाचा.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही तरुण माणसाला छान चालतात. सत्तरीपुढच्यांना, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना, अल्सरवाल्यांना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना ती घातक ठरू शकतात. खुब्याच्या रुग्णांना ती देऊ नयेत असंच त्या सूचनांत आहे. आणि आपल्याकडे नेमकं तेच इंजेक्शन कमरेत सगळ्यांत आधी टोचलं जातं.

म्हापसेकर_७१ | १९ ऑगस्ट, रात्री ९.०२

डॉक्टर, एक शंका. आमच्या वडिलांच्या वेळी सांगितलं होतं की तपासणी होईपर्यंत दुखण्याचं औषध द्यायचं नाही, रोग लपतो. शिवाय या गोळ्यांनी हाड उशिरा जुळतं. यात तथ्य किती?

भूलतज्ज्ञ_फोंडा | १९ ऑगस्ट, रात्री ९.२०

म्हापसेकरकाका, वेदनाशामक दिल्याने एक्स-रेवरचा तडा पुसला जात नाही. उलट माणूस शांत असला की तपासणी नीट होते आणि एक्स-रेही नीट निघतो. एकच गोष्ट आधी करायची. हाता-पायाच्या टोकाला संवेदना आहे का, बोटं हलतात का, रक्त पोचतंय का, हे बघून लिहून ठेवायचं. त्याला दोन मिनिटं पुरतात. मग औषध.

हाड उशिरा जुळण्याची शंका आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या जातीच्या औषधांबद्दल आहे. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. चार-सहा दिवस घेतल्याने मोठं नुकसान होतं असं दिसत नाही, महिनोन्महिने घेऊ नयेत. पॅरासिटामॉलबद्दल ही शंका नाही.

आणि मॉर्फिनबद्दल सांगते, कारण ते नाव काढलं की घरचे हात जोडतात. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला शिरेतून दोन-दोन मिलिग्रॅम, पाच-पाच मिनिटांनी, श्वासावर लक्ष ठेवून दिलं तर ते अतिशय चांगलं औषध आहे. जास्त झालंच तर उतारा म्हणून नॅलॉक्सोन असतं. चार दिवसांच्या अशा उपचाराने सहसा कुणी व्यसनी होत नाही. आपल्या देशात औषधासाठी कायदेशीर अफू पिकते आणि आपलेच रुग्ण कण्हत पडतात. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांची परवान्यांची गुंतागुंत कमी केली गेली, पण मनातली भीती तशीच आहे. ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्याच कायद्याखाली आलं. दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नका. फिट येणाऱ्यांना आणि नैराश्याच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना त्याने त्रास होतो.

पेडण्याची_बाय | १९ ऑगस्ट, रात्री ९.४८

मी दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले, मनगट मोडलं. एका खाजगी दवाखान्यात दोघांनी कोपर धरलं, एकाने हात ओढला आणि हाड बसवलं. आधी काहीही दिलं नाही. "एका मिनिटाचं काम" म्हणाले. ते मिनिट मी विसरले नाही. आजही कुणी हाताला धरून ओढलं की अंगावर काटा येतो. हात सुजला होता आणि पाटली तशीच राहिली होती, ती शेवटी कापावी लागली. आईने दिलेली होती. माझा प्रश्न एवढाच, तेव्हा मी काय मागायला हवं होतं?

भूलतज्ज्ञ_फोंडा | १९ ऑगस्ट, रात्री १०.०५

बाय, तुम्ही विचारायचं होतं, "जागा बधिर करून बसवाल का?" मनगटाच्या मोडीत थेट तड्याच्या जागी बधिरीकरणाचं इंजेक्शन देता येतं. साधं आहे, स्वस्त आहे, पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. पूर्ण हात बधिर करता येतो, थोडी भूलही देता येते. लहान मुलांना तर याशिवाय हात लावूच नये. तुम्हाला मिळालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बांगड्या, पाटल्या, अंगठ्या सूज चढायच्या आत, पहिल्या दहा मिनिटांत काढायच्या. साबण लावून.

कुळागर_सत्तरी | १९ ऑगस्ट, रात्री १०.५२

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. पण आज विचारायचं आहे.

बाबा काल दुपारी पोफळीवरून पडले. पावसाने उघडीप दिली म्हणून कोळेरोगासाठी बोर्डो फवारायला चढले होते. वय ६१. डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मी पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद, जाड आवरण) पायाच्या दोन्ही बाजूंना लावून, आत पंचा घालून बांधली आणि गाडीत घातलं. तेव्हा ते बोलत होते, हसतही होते. संध्याकाळी एका ठिकाणी मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी पाठवलं. आज सकाळपर्यंत बरं होतं. दुपारपासून दुखणं वाढतंय. सांगितलेल्या गोळ्या दोनदा दिल्या, एक जास्तीची पण दिली. फोन केला तर म्हणाले, प्लास्टर नवीन आहे, दुखणारच, उशीवर पाय उंच ठेवा. उंच ठेवलाय. बाबा कधी हूं का चूं न करणारा माणूस. आता रडतायत. सकाळपर्यंत थांबू ना?

अबोली_डिचोली | १९ ऑगस्ट, रात्री १०.५५

दादा, आत्ता उठ. बाबांच्या पायाची बोटं हलक्या हाताने वरच्या बाजूला वाकव. तू वाकवायची, त्यांनी नाही. काय होतं ते लगेच लिही. बोटांत मुंग्या आहेत का, स्पर्श कळतो का, तेही विचार.

कुळागर_सत्तरी | १९ ऑगस्ट, रात्री १०.५९

अंगठा जरासा वाकवला तर किंचाळले. पोटरीत कळ गेली म्हणतात. मुंग्या आहेत. अंगठा आणि त्याच्या बाजूच्या बोटामधली जागा बधिर वाटते. पण नखाला दाबल्यावर रंग परत येतोय, बोटं गार नाहीत.

भूलतज्ज्ञ_फोंडा | १९ ऑगस्ट, रात्री ११.०१

थांबू नका. १०८ ला आत्ता फोन करा आणि थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या. पायाखालच्या उशा काढा, पाय छातीच्या पातळीवर सरळ ठेवा. उंच ठेवल्याने आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी कमी होतो. तोंडाने काही देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. गेल्याबरोबर पहिलं वाक्य हे बोला, "प्लास्टर घातलंय, औषध देऊनही दुखणं वाढतंय, बोटं ताणली की किंचाळतात." बोटांचा रंग बरा आहे म्हणून तुम्हाला बसवून ठेवलं तर परत बोला.

कुळागर_सत्तरी | १९ ऑगस्ट, रात्री ११.१९

गाडी आली. निघालो.

अबोली_डिचोली | १९ ऑगस्ट, रात्री ११.४०

बाकीच्यांसाठी लिहिते, कारण मला आता झोप लागणार नाही.

गुडघ्याखालच्या पायात स्नायूंचे चार कप्पे असतात, प्रत्येकाभोवती न ताणणारं आवरण. आत रक्त आणि सूज साठली की दाब वाढतो आणि स्नायूला रक्त मिळेनासं होतं. बाहेरून घट्ट प्लास्टर असेल तर आणखी वाईट. काही तासांत स्नायू आणि नसा मरायला लागतात. बोटांपर्यंतची नाडी मात्र बराच वेळ लागत राहते, रंगही बरा दिसतो, म्हणून लोक फसतात. सगळ्यांत आधी बोलतं ते दुखणं. मोडलेलं हाड नीट आधाराला लागलं की दुखणं उतरणीला लागायला हवं. उलट चढत असेल तर कारण शोधायचं.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा, आणि वॉर्डात मी त्यांवरच चालायची. हलवल्यावर 'कळ येते', हे मोडलेल्या हाडाचं नेहमीचं. पाय खाली लोंबकळला की 'ठणका लागतो', ही सूज, पाय वर घेतला की उतरते. 'मुंग्या' किंवा 'बधिर' म्हणाले की नसेवर दाब आहे का बघायचं. प्लास्टरच्या आत एकाच जागी 'आग होते' म्हणाले तर तिथे कातडी घासून जखम होतेय. आणि ती आग दोन दिवसांनी आपोआप थांबली तर खूश व्हायचं नाही. कातडी मेली म्हणूनही थांबते. तिथे प्लास्टरला खिडकी पाडून बघायला लावा. काही आठवड्यांनी, हाड जुळत आलेलं असताना, हात सतत जळतोय, कातडी चकचकीत झालीय, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही असं झालं तर तो वेगळा आजार असतो आणि त्यावर लवकर व्यायाम आणि औषधं लागतात. 'मनाचं आहे' म्हणून घरात बसवू नका.

काणकोणकर | २० ऑगस्ट, सकाळी ७.३०

रात्रभर हा धागा उघडून बघतोय. सत्तरीवाल्या दादाची काही बातमी?

आमच्याकडे अजून हाडवैद्याकडे जातात. माझी मामी त्यांच्याकडेच बरी झाली, त्यांचा हात हलका आहे हे मी मान्य करतो. पण माझ्या भाच्याचं कोपर मोडलं तेव्हा दुसऱ्या एकाने बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. पोर सात वर्षांचं, रात्रभर रडलं. सगळे म्हणाले, मूल आहे, रडणारच. तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा हात निळा होता. आज तो १९ वर्षांचा आहे आणि बोटं आत वळलेली आहेत. परवा त्याने मला विचारलं, मी रडत होतो तेव्हा कुणी सोडून का नाही बघितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भूलतज्ज्ञ_फोंडा | २० ऑगस्ट, सकाळी ८.१५

काणकोणकर, भाच्याच्या त्या वाकण्याला फोकमनचं आकुंचन म्हणतात. जर्मन शल्यविशारद फोकमन यांनी १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. आजही तेच घडतंय.

हाडवैद्यांना नावं ठेवायची नाहीत. मोडलेल्या मांडीला आधार देणारी जी थॉमसची चौकट सगळ्या जगात वापरतात, ती शोधून काढणारे ह्यू ओवेन थॉमस हाडवैद्यांच्याच घराण्यातले होते. पहिल्या महायुद्धात तिने कितीतरी सैनिकांचे जीव वाचवले. मांडीचं हाड मोडलं की एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साठू शकतं. हाड स्थिर केलं की रक्तस्रावही आवरतो आणि वेदनाही. सत्तरीच्या दादांनी विरी लावली, तेच पहिलं वेदनाशामक होतं. बाबा गाडीत हसत होते ते त्यामुळे.

मुलांबद्दल सांगायचं तर, तीन-चार वर्षांपुढच्या मुलाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवा, ते बोट ठेवतं. त्याहून लहान असेल तर चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि कडेवर घेतल्यावर शांत होतं का, हे पाच बघायचं. कडेवर घेऊनही थांबत नसेल तर बांधलेलं सोडून बघायचं.

मडगावची_लेक | २० ऑगस्ट, सकाळी ९.०५

माझ्या पपांना स्मृतिभ्रंश आहे. मागच्या वर्षी खुबा मोडला. ते बोलतच नाहीत, तर आणे कसे विचारणार? वॉर्डात त्यांना 'त्रासदायक पेशंट' ठरवलं, हात बांधले. मला आठवतं, कुशीवर वळवताना ते श्वास धरायचे आणि कपाळावर आठी पडायची. दुसऱ्या दिवशी एका तरुण सिस्टरने ते पाहिलं आणि फक्त पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे सुरू करून घेतलं. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातची पेज घेतली. हात सोडले. ती सिस्टर हे वाचत असेल तर देव तिचं भलं करो.

अबोली_डिचोली | २० ऑगस्ट, सकाळी ९.३०

मडगावच्या ताई, त्या सिस्टरने जे पाहिलं त्याचीही पट्टी आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि धीर दिल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं असं मोजतात. आणि वेदना तशीच राहिली तर भ्रम आणखी वाढतो, म्हणून तर पपा हात झाडत होते.

आमच्या आईंची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीच झाली. खुब्यात हाड बसवणं हाच दुखण्यावरचा मोठा उपाय, ते लांबवू देऊ नका. व्यायामवाली मुलगी यायच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी देते. नाहीतर आई तिला "उद्या ये" म्हणतात. अफूवर्गातलं औषध चालू असेल तर पोट साफ व्हायचं औषधही पहिल्या दिवसापासून मागून घ्या, इसबगोलवर भागत नाही.

कुळागर_सत्तरी | २० ऑगस्ट, दुपारी १.४०

गोमेकॉतून लिहितोय. पोचल्यावर ताईंनी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य बोललो. लगेच प्लास्टर दोन्ही बाजूंनी कापलं, आतला कापूसही कातडीपर्यंत कापला. थोडं बरं वाटलं पण बोटं ताणल्यावर तसंच. मग रात्रीच आत घेतलं. पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लांब छेद देऊन आवरण मोकळं केलं. स्नायू लाल आहे, जिवंत आहे, असं डॉक्टर म्हणाले. जखम उघडी ठेवली आहे, काही दिवसांनी बंद करतील. हाडाला बाहेरून सळ्या लावल्या आहेत. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, खांद्यावर हात ठेवला.

आई घरी आहे, तिला हे सगळं अजून सांगितलेलं नाही.

अबोली_डिचोली | २० ऑगस्ट, दुपारी १.५०

देव पावला. तू जेवलास का? आता एक काम तुझ्याकडे. वहीचं पान घे. वेळ, पडून किती, हलताना किती, काय दिलं, अर्ध्या तासाने किती. सिस्टरना दाखव. त्यांच्यावर तीस-तीस पेशंट असतात, तुझ्या पानाचा त्यांना राग येणार नाही, उपयोगच होईल. बोटं ताणल्यावरचं वेगळं लिही.

भूलतज्ज्ञ_फोंडा | २० ऑगस्ट, दुपारी २.१०

आणि बाबांना 'सोसा' म्हणू नका. त्यांना आज मॉर्फिन दिलं तर घाबरू नका. खोकताना, कूस बदलताना किती दुखतं ते विचारा. दुखणं एकदम वाढलं तर पुढच्या डोसची वाट न बघता बोलवा.

कुळागर_सत्तरी | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

पान केलं. दोन वाजता पडून सहा आणे, हलताना अकरा. इंजेक्शन दिलं. अडीचला पडून तीन, हलताना सहा. बोटं ताणली तर आता नुसती ओढ लागते म्हणतात. चार वाजता झोपले होते, उठवलं नाही. सहाला पडून चार, हलताना सात. त्यांना गोळी आणून देतायत. साडेसहाला परत विचारतो.